रशियन वारसा, मराठी बारसं

अभिनंदन! आपल्या अंगात पाव हिस्सा रशियन रक्त आहे, हे तुम्हाला अखेर सातव्या महिन्यात आठवलं. आजोबा 1960च्या दशकात मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात इंजिनिअर व्हायला गेले आणि पदवीबरोबर तात्यानाला घेऊन पुण्याला परतले. सोसायटीच्या यादीत तिचं नाव गेली कित्येक वर्षं ‘तात्या’ असं छापलं जातं आणि नवा पोस्टमन दारात उभा राहून ‘तात्या आहेत का?’ असं विचारतो. तिच्याशी तुम्ही गेल्या दिवाळीत चार मिनिटं बोललात. आता मात्र वारसा जपायचाच, आणि तोही बारशाच्या आत.

मुख्य म्हणजे आजीला विचारू नका. ती एका वाक्यात सांगून मोकळी होईल आणि तुमची तीन महिन्यांची करमणूक बुडेल. त्यापेक्षा इंटरनेटवरची यादी उघडा. मुलगी झाली तर निकिता, हे तर ठरलेलंच असेल. किती नाजूक! रशियात हे पुरुषाचं नाव. 1955 साली सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिनबरोबर भारत दौऱ्यावर आलेले ते टक्कलवाले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह निकिताच होते. पाळण्यात त्यांचा चेहरा दिसत नसेल तर खुशाल ठेवा. ‘मिशा’ही गोड वाटेल. ते मिखाईलचं लाडाचं रूप. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकच्या अस्वलाचंही नाव तेच. मराठी वर्गात हजेरीच्या वेळी काय होईल, ते मी कशाला सांगू?

लाडाच्या रूपांत रशियन माणूस आपला सख्खा भाऊ शोभतो. आपण गणेशचा गण्या करतो, ते निकोलायचा कोल्या करतात. कागदावरचा अलेक्सांदर घरात साशा, शुरा, सान्या असं काहीही होतो; बहीण अलेक्सांद्रा असली तर तीही साशाच. तेव्हा नाव निवडताना पुढचा लाड आधी तपासा. बोरिस भारदस्त आहे खरं, पण लाडात त्याचा बोऱ्या होतो, आणि आपल्याकडे बोऱ्या वाजतो. दार्याची दाशा होते. जन्मदाखल्यावरचा एक काना खायला कारकुनाला कितीसा वेळ लागतो?

वारसा अगदी ठासून भरायचा असेल तर सोव्हिएत काळात शिरा. क्रांतीनंतर तिथल्या हौशी आईबापांनी संतांची पंचांगं बाजूला सारली आणि पुढाऱ्यांची आद्याक्षरं जुळवली. व्लादिमीर लेनिनचा व्लादलेन, मार्क्स आणि लेनिन मिळून मार्लेन. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन या चौघांचा एकत्र मेल्स! 1956मध्ये याच निकितांनी स्टालिनचे वाभाडे काढले, तेव्हा त्या शेवटच्या ‘स’चं काय करायचं हा प्रश्न किती घरांत पडला असेल. आपल्याकडे तर ‘स’ गळाला की उरतं ते आजी रागावल्यावरच म्हणते. मुलींसाठी निनेल होतं, म्हणजे उलटा लेनिन. हा प्रयोग रशियन लिपीतच करा. देवनागरीत लेनिन उलटवला की ‘ननिले’ होतं.

आकड्यांच्या भानगडीत मात्र पडू नका. मॉस्कोतल्या एका जोडप्यानं 2002मध्ये बाळाच्या नावात जन्मतारीखच घातली. नोंदणी कार्यालयानं नकार दिला, आणि 2017मध्ये नावात आकडे नकोत असा कायदाच झाला.

राहिलं बापाचं नाव. इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्हना. आपण तेच करतो, फक्त शेपूट लावत नाही. तुम्ही लावा. सूर्यकांतोविच कुलकर्णी! 1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर महाराष्ट्रात आईचंही नाव आलंय, तेव्हा फॉर्मवरच्या चौकटी आधीच मोजून घ्या.

एवढं सगळं करून बाळ घरी येईल. यादीतली सतरा नावं अजून शिल्लक असतील, तुम्ही दोघं फ्रीजवर चिकटवलेल्या कागदासमोर हुज्जत घालत असाल, आणि आतल्या खोलीत तात्याना आजी त्या पेंगुळलेल्या गाठोड्याला मांडीवर थोपटत असेल. ‘सोन्या, सोन्या.’ रशियनमध्ये सोफियाला लाडानं सोन्या म्हणतात, आणि झोपाळू माणसालाही. ती कुठल्या भाषेत हाक मारतेय, हे विचारायला जाऊ नका, बाळ उठेल.