ओट्यावरचा हापसा

परवा एक मित्र घरी आला. ओट्यावरचं मशीन बघून म्हणाला, "का बे, घरात हापसा बसवलास काय?"

चुकला नाही तो. दांडा वर केला की पाणी आत येतं, खाली दाबला की कॉफी बाहेर येते. पंप नाही, स्क्रीन नाही, टुंग टुंग नाही. इटलीच्या ला पावोनी कंपनीचं हे 'युरोपिकोला'. हे मॉडेल १९६१ साली आलं. आमचं पुण्यातल्या एका जोडप्याकडून सेकंडहँड घेतलेलं, वयाने माझ्याएवढं असेल.

"एवढे पैसे घालून वर हातानेच दाबायचं?" हे आतापर्यंत निम्म्या नातेवाइकांनी विचारून झालंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

याच्या आधी घरात फुल ऑटोमॅटिक होतं. बटण दाबा, कप घ्या. वॉरंटी संपून वर्षही झालं नसेल, एका सकाळी तीन दिवे लुकलुकले आणि खेळ खलास. सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला : "बोर्ड गेला सर. त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नवीन घ्या." आमचे अण्णा मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडल्यावर वीस वर्षं लोकांचे पॉवरलूम दुरुस्त केले. त्यांनी ते मशीन खोलायला घेतलं, तर स्क्रूच असे की घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर बसेना. अण्णांना बिघाडाचं काही वाटलं नाही, त्या स्क्रूचं फार लागलं. "उघडूच नये म्हणून बनवलंय हे," म्हणाले आणि हत्यारांची पेटी बंद केली.

हापशाचं गणित शाळेतल्या तरफेचं आहे. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला नऊ किलोच्या आसपास. पिस्टन पाच सेंटीमीटर रुंद धरला तर भार होतो एकशेऐंशी किलो. ज्वारीची पावणेदोन पोती! तो भार लांब दांड्यामुळे माझ्या दोन हातांत मावतो. मिलानच्या गाज्जिया नावाच्या माणसाने १९३८ साली पिस्टनचं पेटंट घेतलं, त्याआधीची मशीनं नुसत्या वाफेवर चालायची आणि दाब दीड-दोन बारच्या पुढे जायचा नाही. युद्धानंतर त्याचं स्प्रिंगच्या दांड्याचं मशीन आलं आणि कपावर तपकिरी साय धरायला लागली. माझ्या मशीनमध्ये स्प्रिंगही नाही. दाब किती, हे मनगटाला कळतं. भुकटी जाड पडली तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली जातो, फार बारीक झाली तर लटकलं तरी हलत नाही.

आता यातले त्रासही सांगतो, नाहीतर उद्या कोणी घेऊन माझ्या नावाने शिमगा करेल. बॉयलरमधलं पाणी ११५ अंशांच्या वर असतं. ते पितळी तोंडातून जाताना निवून नव्वदच्या घरात यायला हवं. मिलानमध्ये येतही असेल. सोलापूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघरच भट्टी असतं, दुसऱ्या कपापर्यंत तोंड इतकं तापतं की कॉफी जळकी, कडूझार. उपाय गावातलाच : आपला सोलापुरी टर्किश नॅपकिन ओला करून त्या तोंडाला गुंडाळायचा. चर्र आवाज येतो, मग कप निघतो.

दुसरं पाणी. बोअरचं पाणी घातलंत तर वर्षात हीटरवर चुन्याची साल चढेल. मी फिल्टरचं घालतो, तरी अधूनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून क्षार काढावे लागतात. तिसरं, दाब उतरायच्या आत भुकटी भरायचं हँडल काढायचं नाही. मी एकदा काढलं. छतावरचा डाग अजून आहे, बायको पाहुण्यांना दाखवते.

आणि घरात पाच जण कॉफी पिणारे असतील तर हे घेऊच नका. दोन-तीन कप झाले की मशीन थांबवून थंड करावं लागतं. आमच्याकडे बाकी सगळे चहावाले, म्हणून निभतं. काही लोक लिहितात की दांडा दाबताना ध्यान लागतं. मला तर सकाळी साडेसहाला घाम फुटतो.

पण गेल्या दिवाळीत दांड्याची पिन झिजून खुळखुळायला लागली. अण्णा ती खिशात घालून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेले. त्याने कॉफी मशीन जन्मात पाहिलेलं नव्हतं. व्हर्नियर लावून माप घेतलं, स्टेनलेसचा तुकडा घेतला, जेवायच्या सुट्टीआधी पिन तयार. दीडशे रुपये. टिकाऊ म्हणजे न बिघडणारं, असं मला आधी वाटायचं. याचं तर दर एक-दोन वर्षांनी काही ना काही निघतं. सील कडक होतात, गॅस्केट गळतं. पण सगळं एका पान्ह्यात आणि दोन स्क्रू ड्रायव्हरमध्ये सुटतं, आणि जे मिळत नाही ते गावात कोणीतरी करून देतं. त्या ऑटोमॅटिकच्या बोर्डाचं काय करणार होता लेथवाला?

अण्णा कॉफी पीत नाहीत. "कडू हाय," एवढाच अभिप्राय. पण गेल्या रविवारी मी दांडा दाबत होतो तेव्हा पेपर बाजूला ठेवून ओट्यापाशी आले. म्हणाले, "सर बाजूला." स्वतः दांडा धरला, वर केला, अर्ध्यावर थांबले, कान लावला, मग सावकाश खाली दाबला.

"वरचं सील गेलंय. पाणी मागनं येतंय."

मला काहीच कळलं नव्हतं. संध्याकाळी खोललं, तर सीलच्या कडेला नखाएवढी चीर. नवीन सेट मागवलाय, यायला पंधरा दिवस लागतील. तोवर मीही चहावर.