टोक काढणारा बाप

दहावी लेकीची आणि झोप उडालीय माझी. ती आपली साडेदहाला ढाराढूर, मी पहाटे चारला किचनमध्ये उभा राहून पाणी पितोय कारण परत तेच स्वप्न पडलंय. अकरा वाजून गेलेत, भूमितीचा पेपर सुरू झालाय, मला माझा बेंच सापडत नाहीये आणि सुपरवायझर म्हणतात आधी कंपासपेटी दाखवा. उघडतो तर आत चकल्या. आमच्या वेळी साडेसातशेपैकी दीडशे मार्क एकट्या गणिताचे होते हो, ती भीती अशी सहजासहजी जाते होय? आता गणित भाग 2 म्हणजे 40 मार्क आणि दोन तास. बायको म्हणते चाळिसाला ही तऱ्हा, दीडशे असते तर तुम्हाला सलाइनच लावावं लागलं असतं.

हॉल तिकिटाच्या सहा झेरॉक्स काढल्या. एक देवघरात, एक गाडीच्या डिकीत, एक पाकिटात, एक सासुरवाडीला (आपल्या घराला आग लागली तर?) वगैरे. ओरिजिनल मात्र इतकं जपून ठेवलं की आदल्या रात्री कुणाला सापडेचना. पाऊण तासाने सापडलं, संकष्टीला सांगलीच्या गणपती मंदिरात बाप्पाच्या पायाशी ठेवायला नेलेलं, तिथल्या पेढ्यांच्या पिशवीतच राहिलेलं. फोटोवर तुपाचा डाग, बरोबर कपाळावर.

बोर्ड दरवर्षी समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, तो मी लेकीच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. तिने शांतपणे तो मलाच फॉरवर्ड केला. मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाली, बाबा, एक काम कराल? या पेन्सिलींना टोक काढून द्या.

पाच पेन्सिली होत्या. गिरमिटाने काढलेलं टोक मला पटेना म्हणून ब्लेड घेतलं, ब्लेडने शिसं मोडलं, परत काढलं, परत मोडलं, मध्येच स्पर्शिकेची रचना तिला येते का विचारावंसं वाटलं पण जीभ चावली, आणि बारा वाजता मान वर करून बघतो तर पेपरवर लाकडाचा ढीग आणि चार पेन्सिलींची बोटाच्या पेराएवढी थोटकं. पण इतकी गाढ झोप मला महिन्याभरात लागली नव्हती.

सकाळी दही-साखर वगैरे झालं. सेंटरबाहेर आम्ही पालक मंडळी उन्हात, जो तो दुसऱ्याला टेन्शन घेऊ नका म्हणतोय. एक वाजला तरी घंटा नाही. माझ्या पोटात गोळा. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं की 2023 पासून पेपर वाचायची ती दहा मिनिटं सुरुवातीला न देता शेवटी जास्तीची देतात. हे मला माहीत होतं. चारदा वाचलं होतं. तरी त्या दहा मिनिटांत मी शाळेच्या कंपाउंडला तीन चकरा मारल्या.

ती आली. पेपर कसा गेला हे विचारायचं नाही असं ठरलं होतं म्हणून मी विचारलं, भूक लागलीय का?

"कंपासला थोटकंच लागतात बाबा, भारी बसली," म्हणाली आणि पाचवी, त्यातल्या त्यात लांब राहिलेली पेन्सिल माझ्या हातात दिली. "हिचं मोडलं. परवा सायन्स वन आहे, आकृत्या असतात."


घरी येताना ब्लेडचं नवीन पाकीट घेतलं.