नियमगिरीच्या लोकांना कुणी भडकवलं नव्हतं, त्यांना विचारलं होतं

"परदेशी पैशांवर पोसलेल्या संस्था भोळ्या आदिवासींना भडकवतात, मूठभर लोक देशाच्या खाणी अडवतात आणि यांना मुळात विकासच नको असतो." हा मजकूर सध्या सगळीकडे फॉरवर्ड होतोय आणि त्यात ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा दाखला दिलेला असतो. तिथे बॉक्साइटची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाची, खाण काढायला तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी नकार दिला. नेमका हाच दाखला या मजकुराला खोटं पाडतो.

आधी 'भडकवलं'चं बघू. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वनहक्क कायद्यानुसार खाणीबद्दल इथल्या ग्रामसभांनाच विचारा. कोणत्या गावांना विचारायचं ते ओडिशा सरकारने ठरवलं. डोंगरात शंभराहून जास्त वस्त्या असताना फक्त १२ गावं निवडली. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने त्यावर हरकतही घेतली होती. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, सशस्त्र पोलिसांच्या बंदोबस्तात सभा झाल्या. बायाबापड्यांनी उभं राहून आपल्या भाषेत आपलं म्हणणं मांडलं. बाराच्या बारा गावांनी नकार दिला. निवड सरकारची, देखरेख न्यायाधीशांची. यात भडकवणाऱ्याला जागा कुठे होती?

परदेशी पैशांचं म्हणाल, तर खाणीमागच्या वेदांत समूहाची मूळ कंपनीच लंडनची होती.

आता 'विकास नको'. डोंगरिया कोंध उतारावर अननस, हळद, आलं, केळी, संत्री पिकवतात आणि खालच्या आठवडी बाजारात विकतात. बायका भरतकाम करतात त्या शालीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही सगळी शेती उभी आहे ती पाण्यावर. बॉक्साइटचा थर असतो डोंगराच्या माथ्यावर. तो सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि झऱ्यांमधून हळूहळू खाली येतं. माथा नियमराजा या त्यांच्या देवाचा, म्हणून तिथलं झाड तोडायचं नाही, असा यांचा रिवाज आहे. त्या रिवाजानेच माथ्यावरचं जंगल राखलंय. 'खाण संपली की झाडं लावू' म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, खरवडून नेलेला माथा परत कुठून आणणार?

आणि हे सगळं किती वर्षांसाठी? अंदाजे साठा सात कोटी वीस लाख टन, काढायचं वर्षाला तीस लाख टन. म्हणजे जेमतेम चोवीस वर्षं.

'देशाचं नुकसान झालं' हेही तपासून घ्या. पायथ्याशी लांजीगढला बॉक्साइट शुद्ध करायची वेदांतची रिफायनरी आधीच बांधून झाली होती, खाणीची परवानगी हातात नसताना. घाई तिथे झाली. २०१०मध्ये केंद्राने नेमलेल्या सक्सेना समितीने गावांचं २६ हेक्टर वनक्षेत्र कंपनीने बेकायदा बळकावल्याचं नोंदवलं. नियमगिरीचा एक दगड न फोडता ती रिफायनरी आजही चालू आहे, बॉक्साइट बाहेरून येतं.

राहिलं 'मूठभर'. डोंगरिया आहेत साधारण ८,०००, खरंच थोडे. पण वनहक्क कायदा डोकी मोजून हक्क देत नाही. याच कायद्याने २००९मध्ये आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेही एक छोटं गावच.

'पुन्हा विचारा, आता हो म्हणतील' हा आग्रहही नवा नाही. ओडिशाचं सरकारी खाण महामंडळ २०१६मध्ये नेमकी हीच मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने ती फेटाळली.