पुराच्या गावात घराचा विमा कसा काढावा

सगळ्यात आधी, गृहकर्ज कधीही फेडू नका. ही चूक मी केली. मार्चमध्ये शेवटचा हप्ता भरला, बँकेतून घराचे कागद आणले, देवापुढे ठेवले, गल्लीत पेढे वाटले. पंधरा वर्षं घराला विमा होता, बँकेनेच कर्जाबरोबर गळ्यात घातलेला. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी. २०२१ ला पुन्हा. तरी विमा चालूच. कर्ज फिटलं, विमा संपला, आणि त्याच कंपनीकडे स्वतःच्या पैशानं नवा मागायला गेलो, तर आमचं घर अचानक 'जोखमीच्या क्षेत्रात' गेलं. भिंती त्याच, नदी तीच. एवढंच, की आता घरात बँकेचे पैसे अडकलेले नाहीत.

तेव्हा थोडं कर्ज शिल्लक ठेवा. पाचशे रुपये का असेना.

अर्जात 'नदी किंवा जलाशयापासूनचे अंतर' असा रकाना येतो. गोंधळू नका. मी फोनवरच्या मुलीला विचारलं, "मे महिन्यातलं लिहू की ऑगस्टमधलं?" ती म्हणाली, "सर, मीटरमध्ये लिहा."

पिनकोड शक्यतो लातूरचा द्या. सांगलीचा ४१६४१६ टाकला की पडदा पांढरा होतो आणि 'आमचे प्रतिनिधी संपर्क करतील' असं येतं. प्रतिनिधी करत नाहीत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला गेलं होतं, त्या बदल्यात एक पिनकोड इकडे यायला हरकत नसावी.

घर घेताना निळी पूररेषा, लाल पूररेषा असलं काही विचारू नका. बिल्डरला वाईट वाटतं, आणि परवाना देणाऱ्यांना तर फारच.

आता समजा विमा मिळाला आणि पाणीही आलं. तर गाळ काढू नका. २०१९ ला आम्ही काढला. महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरत होती, गाळ काढा, लेप्टो होईल, पाणी उकळून प्या. बायको, मी, शेजारची दोन पोरं, चार दिवस खराट्यानं आणि पत्र्यानं ओढत होतो. बाराव्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, बूट न काढता आत आले, स्वच्छ फरशी बघून म्हणाले, "पुरावा नष्ट केलात की हो तुम्ही." भिंतीवर पाण्याची रेघ होती, ती दाखवली. म्हणाले, ही ओलही असू शकते. छातीएवढ्या उंचीवर, चारही भिंतींना, पट्टीनं मारल्यासारखी ओल! मग दाराची चौकट फुगलेली दाखवली. बिल मागितलं. जुन्या वाड्यातनं काढून आणलेलं सागवानी दार, त्याचं बिल माझ्या पणजोबांकडे असेल, त्यांना आणू का? वायरिंगचं बिल होतं, पण ते कपाटाच्या खालच्या खणात होतं आणि कपाट पाण्यात होतं. लगदा दाखवला. "यावरची तारीख वाचता येत नाही." अहो, तारीख वाचता येत नाही म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय! शेवटी घसारा वजा करून जे हातात पडलं, त्यात रंगाचे डबे आले. रंगाऱ्याची मजुरी नाही.

तेव्हा बिलं लॅमिनेट करून माळ्यावर ठेवा. माळा नसेल तर विश्रामबागेतल्या मेव्हण्याकडे.

आणि आता चेष्टा पुरे. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी विकायला लावली आहे. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात. रक्कम जागेच्या भावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते, त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा नसतो. हे मला एजंटानं सांगितलं नाही, कंपनीनं सांगितलं नाही, मी रात्री जागून वाचलं. अहो कंपनीवाले, कधीच पाणी न बघितलेल्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाला तुम्ही दिवसातून तीनदा फोन करता, आणि ज्याला गरज आहे तो दारात आला की पिनकोड विचारता? लाज वाटत नाही? कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे हे आमच्या तिसरीतल्या पोराला पाठ आहे. जास्त हप्ता लावा की, आम्ही कुठं फुकट मागतोय! आणि द्यायचाच नसेल तर नका देऊ, पण तसं लिहून द्या. तक्रार करायची तर हातात कागद नको का? दोन महिने फोनवर एकच, "सर, सिस्टीम घेत नाही." कोण ही सिस्टीम? तिला सही येत नसेल तर अंगठा उठवायला सांगा.