इंधनाचे दर बाजार ठरवतो, हा दावा टिकत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. पेट्रोल-डिझेल नियंत्रणमुक्त झाल्यामुळे दरांशी सरकारचा संबंध उरलेला नाही, खाजगी पंप आल्याने स्पर्धा आहे आणि गावागणिक दर बदलतात ते टँकरच्या भाड्यामुळे, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान कागदोपत्री खरे आहे. पेट्रोल जून 2010 मध्ये, तर डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले. पण दर ठरवणाऱ्या कंपन्या कोणाच्या, हे संदेशात येत नाही. इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियममध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा केंद्राचा आहे. हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा 2018 मध्ये ओएनजीसीने विकत घेतला आणि ओएनजीसीही सरकारचीच आहे. त्याच वर्षी कर्नाटकात मतदान होईपर्यंत, एरवी रोज बदलणारे दर 19 दिवस जागचे हलले नाहीत. एप्रिल 2022 नंतर कच्चे तेल चढले-उतरले, तरी करकपात सोडता पंपावरचे दर सुमारे दोन वर्षे तेच राहिले आणि दोन रुपयांची कपात झाली ती मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर. याला बाजारभाव म्हणणे मला पटत नाही. मे 2020 मध्ये तर कच्चे तेल कोसळलेले असताना केंद्राने डिझेलवर लिटरमागे 13 रुपये शुल्क वाढवले. रावेरहून केळी भरून निघणाऱ्या ट्रकला त्या स्वस्ताईचा लाभ मिळालाच नाही.

स्पर्धेबद्दल थोडक्यात सांगतो. देशातले सुमारे 90 टक्के पंप याच तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. नियंत्रणाच्या काळात सरकारी दराने स्वस्तात विकताना होणारा तोटा भरून देण्याची सोय फक्त सरकारी कंपन्यांना होती, म्हणून 2008 मध्ये रिलायन्सला आपले पंप बंद ठेवावे लागले होते.

राहिला टँकरच्या भाड्याचा मुद्दा. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर जितका लांब जाईल तितका दर थोडा चढतो, हे मान्य आहे. पण नवापूरला जाऊन पाहावे. तिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. पलीकडे गुजरातेतल्या उच्छलच्या बाजूला पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळते, म्हणून नवापूरचे दुचाकीस्वार टाकी भरायला सीमा ओलांडतात. एवढ्याशा अंतरात भाडे बदलत नाही, बदलतो तो राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर. इंधन 2017 मध्ये जीएसटीबाहेर ठेवले गेले, म्हणूनच हा कर आजही राज्यागणिक वेगळा आहे.