खुल्यात काय हरकत आहे?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंदूरहून वाद पेटला. मावशी तिथल्या भंवरकुआं चौकात एका टपरीवर चहासाठी दोन मिनिटं टेकली होती. शेजारच्या बाकावर कोचिंगची चार पोरं सिगारेट ओढत बसलेली, आणि हिला दमा. तिनं टोकलं तर एकजण म्हणाला, "आंटी, खुल्ले में तो पी रहे हैं." सार्वजनिक जागी सिगारेटला बंदीच हवी, असं मावशीनं घरी येऊन लिहिलं. मावसभावानं उत्तर दिलं, "आई, मग पोरांनी जायचं कुठं?" आणि दोघांनीही मला विचारलं, म्युनिकला कसं आहे?

आधी घरचंच बघू. बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. पण ते पोरगं नकळत कायद्याचीच भाषा बोललं. 2003 च्या मूळ कायद्यात सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. उपाहारगृह मात्र आत येतं. आता वर पत्रा, खाली चार बाक, तीन बाजू उघड्या, हे काय म्हणायचं? तो धूर ना घरचा ना घाटाचा. आणि 2008 च्या नियमांप्रमाणे बंदीच्या जागी मालकानं ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचा नसतो. आपल्या टपरीवर खांबाला सुतळीनं बांधलेला लायटर लोंबत असतो. पूर्वी तिथं काथ्याची धुमसती दोरी असे. मीही कॉलेजात तिच्यावरच पेटवायचो.

मी 2009 मध्ये इथे म्युनिकला आलो, तेव्हा बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथं, चाललेलं बघून मला इंदूरचीच आठवण झाली. 2008 पासून बिअरच्या गुत्त्यांत बंदी होती, पण खासगी क्लबला सूट. लगेच गुत्त्यांनी स्वतःला 'धूम्रपान क्लब' म्हणवून घेतलं आणि गिऱ्हाइकांना सभासद करून टाकलं. (आपल्याकडे 1 एप्रिल 2012 ला गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य. मग पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, कालवण तळहातावर. जुगाड काही आपलीच मक्तेदारी नाही.) पुढे सरकारनं नियम आणखी सैल केले, तेव्हा लोकांनी सार्वमत मागितलं. 4 जुलै 2010 ला 61 टक्के मतं कडक बंदीच्या बाजूनं पडली, आणि 1 ऑगस्टपासून गुत्त्यांतला धूर गेला.

त्या हिवाळ्यात मी कोपऱ्यावरच्या गुत्त्यात सवयीनं पाकीट काढलं. वाढणाऱ्या बाईनं काही न बोलता माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. बाहेर उणे आठ. माझी सिगारेट सुटली ती अशी, थंडीनं. निर्धाराचं श्रेय मी घेत नाही.

इथं काही रामराज्य नाही. भर रस्त्यात भिंतीवर सिगारेटची यंत्रं आहेत. कार्ड लावून वय सिद्ध करा, पाकीट घ्या. स्टेशनात फलाटावर पिवळ्या रेषेचा चौकोन आखलेला, ओढणाऱ्यानं त्यात उभं राहायचं. धुराला ती रेषा कुणी दाखवलेली नाही.

तरी त्या बाईचा कोट मला महत्त्वाचा वाटतो. ती मालकाच्या वतीनं बोलत होती, आणि मालक तिच्या पाठीशी होता. मावशीमागे कोण होतं? इंदूर तर 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर. गाडीतून कुणी रॅपर फेकलं तर आज तिथं अनोळखी माणूसही हटकतो. पण सिगारेटचं थोटूक बुटानं चिरडलं की ते जणू नाहीसंच होतं, आणि धूर तर उचलावाही लागत नाही. सगळ्या रस्त्यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पोलिसांना 200 रुपयांची आणखी एक पावती मिळेल, एवढंच. जिथं बाक टाकून चहा देता ती जागा उपाहारगृह धरा आणि जाब मालकाला विचारा.

मावशीला लिहिलं, पुढच्या वेळी पोरांना नको, टपरीवाल्याला सांग. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं: "सांगितलं बाबा. तो म्हणाला, माँजी, सिगरेट के संग ही तो चाय बिकती है."