हातोडी कुणाच्या हातात होती?

शाळेत दंगली शिकवायच्या कशाला, मुलांना काय द्वेष करायला शिकवायचंय? 2024 च्या जूनमध्ये शालेय पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या संचालकांनी अशा अर्थाचा सवाल केला. त्याच्या दोन वर्षं आधी बारावीच्या राज्यशास्त्रातून गुजरात दंगलीचा भाग काढून टाकला होता. आमच्या मुंबईच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतो, आणि एरवी एकमेकींच्या राजकारणाला नावं ठेवणाऱ्या सगळ्या इथे मात्र एक होतात. मुलांना नको बाई हे. कळतं वय झालं की वाचतील.

मी जर्मनीत राहते. इथे शाळेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वर्षानुवर्षं एक छोटी कादंबरी वाचायला देतात. हान्स पेटर रिश्टर यांची, 1961 सालची, 'दामाल्स वार एस फ्रीडरिश'. एकाच इमारतीत राहणारी दोन मुलं, दोघंही 1925 साली जन्मलेली. फ्रीडरिश ज्यू. दुसरा ज्यू नाही. गोष्ट तोच सांगतो आणि पुस्तकभर त्याला नाव नाही.

शेवटी फ्रीडरिश मरतो. 1942 मध्ये बॉम्ब पडत असताना घरमालक त्याला तळघरातल्या आसऱ्याला येऊ देत नाही. तिथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं, पण माझ्या मते पुस्तक उभं आहे ते त्याच्या बरंच आधीच्या एका प्रकरणावर. नोव्हेंबर 1938. ज्यूंची घरं-दुकानं फोडली जाताहेत. आपला निवेदक रस्त्याने चाललाय, काम शिकणाऱ्या ज्यू मुलांच्या वसतिगृहापाशी गर्दी दिसते. तो थांबतो, बघत राहतो, मग आत शिरतो. हातात हातोडी येते आणि काचा फोडायला त्याला चक्क मजा येते. दमून घरी पोचतो, तर जमाव त्याच्याच इमारतीत येतो, फ्रीडरिशचं घर फोडायला. तेव्हा तो रडतो. तोवर आपण त्याच्या बाजूने वाचत आलेलो असतो, म्हणून सुटका नाही.

इथेही या पुस्तकावर आक्षेप आहेत. त्यातले ज्यू फार सोशिक आणि बाकीचे जर्मन फार हतबल दाखवलेत, हा त्यातला मुख्य. मला तो पटतो. नोकरीसाठी नाझी पक्षात गेलेल्या निवेदकाच्या बापाला लेखकाने जरा जास्तच सांभाळून घेतलंय. आणि पुस्तक वाचलं म्हणजे लस टोचली असंही नाही. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली. त्या मतदारांपैकी कितीतरी जणांनी शाळेत हेच वाचलं असणार.

तरी 'कळतं वय' ऐकलं की मला जानेवारी 1993 आठवतो. आम्ही नववीत होतो. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत मिळून मुंबईत 900 माणसं गेली, हा त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. आमच्या इमारतीत खालच्या पाटीवरचं एक आडनाव त्या घरच्यांनीच रातोरात काढून टाकलं. आणि गल्लीतली दहावीतली दोन पोरं फोडलेल्या दुकानातून बुटांचे खोके घेऊन आली. त्यांच्या आयांनी ते ठेवून घेतले. हे ग्रुपवरच्या प्रत्येकीला माहीत आहे. मग कुठलं वय कळतं धरायचं?

मराठी किशोर कादंबरीतला नायक चोर पकडतो, भुयार शोधतो. ते मीही आवडीने वाचलंय. पोरवयात हिंसेला सामोरं जाणं मराठीत खरं उतरलं ते दलित आत्मकथनांत. पण ते सोसणाऱ्याने लिहिलेलं आहे. दगड मारणारा पोरगा मोठा होऊन लिहायला बसलाय, असं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. तो बूटवाला मुलगा आता पन्नाशीला आलाय, त्याची मुलं कॉलेजात असतील. त्याने सांगितलेली गोष्ट मला हवी आहे. आणि पाटी काढणाऱ्या घरातल्या मुलीचीही, नाहीतर रिश्टर यांच्यावरचा आक्षेप आपल्यालाही लागू होईल.

ग्रुपवर हे लिहिलं, तर एकीने लगेच विचारलं, "पण त्यातला दंगलखोर मुलगा कुठल्या धर्माचा दाखवणार?"

मी लिहिलं, "आपल्या."